फाल्गुनांतला उन्हाळा कोणाच्या खातीं मांडावयाचा?

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानें वाढतो आणि होळी जळाली कीं थंडी पळते, हा हिशेब आमच्याकडे पंचांग न उघडतां चालत आला आहे. तो आजीबाईंच्या बोलण्यांत जसा आहे तसा व्यापाऱ्याच्या चोपडींतही आहे. गरम कापडाचा दुकानदार माघ उतरतांच उरलेला माल बांधून माळ्यावर टाकतो. गव्हाचा दलाल फाल्गुनांत उत्तरेकडील पिकाचा अंदाज घेऊन सौदे ठरवितो. वऱ्हाडांतला बागाइतदार संत्र्याच्या आंबिया बहाराकडे आणि कोंकणांतला आंब्याच्या मोहोराकडे पाहून आगाऊ रक्कम उचलतो. पावसानें दगा दिल्याचे दाखले आमच्या इतिहासांत पानोपानीं आहेत, आणि म्हणून दुष्काळाचे नियम, तगाई, सूट यांचा थोडाफार बंदोबस्त इंग्रजी अमलापासून होत आला. थंडी जाण्याची वेळ मात्र सहसा फारशी चुकत नसे. म्हणून तिच्याबद्दल कोणी जामीन मागितला नाहीं व कायद्यानेंही तिची फारशी दखल घेतली नाहीं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही वेळ जगाच्या पाठीवर ठिकठिकाणीं चुकूं लागली आहे. हवेच्या गोष्टी म्हणजे रिकामपणाच्या गप्पा असें मानण्याची चाल आहे. पण ज्या गोष्टींत जीव, पीक आणि भांडवल हीं तिन्ही जातात, त्या पुढें मांडल्यास आमचे वाचक कंटाळणार नाहींत अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सासचें उदाहरण घेऊं. ह्यूस्टन, डॅलस वगैरे त्यांतील शहरीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत, तेव्हां आमच्या कांहीं वाचकांस त्या दिवसांची हकीकत घरच्या माणसांच्या तोंडून कळली असेल. हा मुलूख उष्ण. तेथील घरें उन्हाळा बाहेर ठेवण्याच्या बेतानें बांधलेलीं, आणि पाण्याचे नळ कित्येक घरांत छपराखालून नेलेले. २०२१ सालच्या फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर ध्रुवाकडील थंड हवेचा लोंढा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरला. ता. १६ रोजीं डॅलस-फोर्ट वर्थ येथें पारा शून्याखालीं १९ अंशांवर गेला; १९४९ नंतर तेथें इतकी थंडी कधीं पडली नव्हती. लोकांनीं घरें तापविण्याचीं यंत्रें लावलीं, विजेची मागणी एकदम वाढली, आणि नेमक्या त्याच घटकेस गॅसच्या विहिरी व नळ गोठले, वीजगृहें एकामागून एक बंद पडलीं, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ चढलें. सुमारें ४५ लाख घरें व दुकानें अंधारांत गेलीं. सारी वीजव्यवस्था समूळ कोसळण्यास ४ मिनिटें व ३७ सेकंद उरलीं होतीं, असें पुढें चौकशींत निघालें. नळ फुटून दिवाणखान्यांत पाणी सांचलें, आणि पिण्यास मात्र पाणी नाहीं. लोकांनीं अंगणांतील बर्फ पातेल्यांत भरून वितळविलें व तें शौचकूपांत ओतलें. कोणी कुंपणाच्या फळ्या जाळल्या. कोणी मोटारीचें यंत्र चालूं ठेवून तिच्यांत मुलेंबाळें घेऊन रात्र काढली. कोणी कोळशाची शेगडी बंद घरांत आणली आणि तिच्या विषारी वायूनें ते सकाळीं उठलेच नाहींत. कित्येक वृद्ध माणसें आपल्याच बिछान्यांत गारठून गेलीं. त्या संस्थानच्या आरोग्यखात्यानें मृतांचा आंकडा २४६ दिला. समुद्रकांठच्या साउथ पाद्रे बेटावर थंडीनें बधिर होऊन तरंगणारीं हजारों कासवें लोकांनीं होड्यांतून व मोटारींतून आणून एका मोठ्या सभागृहाच्या जमिनीवर ओळीनें मांडलीं व त्यांतील पुष्कळ वांचविलीं, ही एवढीच त्या आठवड्यांतील आनंदाची बातमी.

येथें हवेचा अपराध अर्धाच होता. उरलेला अर्धा कायद्याचा. टेक्सासनें आपली वीजवाहिनी शेजारच्या संस्थानांपासून जवळजवळ तोडून ठेवली आहे, आणि त्याचें कारण केवळ वकिली आहे. आंतरसंस्थानीय व्यापारावर मध्यवर्ती सरकारचा अधिकार चालतो. वीज सीमेबाहेर गेलीच नाहीं तर तो अधिकार लागूं पडत नाहीं! स्वातंत्र्य जपण्याचा हा मार्ग चातुर्याचा खरा, पण संकटाच्या रात्रीं शेजाऱ्याकडून उसनी वीज आणण्याची वाटही त्यानेंच बंद केली. बरें, इशारा मिळाला नव्हता असेंही नाहीं. २०११ च्या फेब्रुवारींत तेथें अशीच थंडी पडून वीज गेली होती, आणि त्याच वर्षीं मध्यवर्ती तपासणी मंडळानें वीजगृहें व गॅसचे नळ थंडीस टिकतील असे करावे, अशी शिफारस केली होती. शिफारस कागदावर राहिली. तिला सक्तीचें रूप २०२१ सालीं, माणसें मेल्यावर, आलें. दरम्यान विजेचा घाऊक भाव मेगॅवॅट-तासास ९,००० डॉलर या कमाल मर्यादेवर नेऊन कित्येक दिवस तेथेंच ठेवण्यांत आला, आणि ज्यांनीं बाजारभावानें वीज घेण्याचा करार केला होता त्या गृहस्थांच्या हातीं हजारों डॉलरचीं बिलें पडलीं. खुल्या बाजाराचे आम्ही वैरी नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें पोट त्यावरच चालतें. परंतु जेथें गिऱ्हाइकास नाहीं म्हणण्याची सोय नाहीं तेथें बाजार उरत नाहीं, एवढें कोणताही प्रामाणिक वाणी कबूल करील.

इंग्रज मनुष्य भेटला कीं प्रथम हवेविषयीं बोलतो, अशी थट्टा आहे. अलीकडे त्याच्यापाशीं बोलण्यासारखें बरेंच जमलें आहे. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर सैबेरियाकडून आलेल्या वाऱ्यानें इंग्लंड व स्कॉटलंड बर्फाखालीं गाडलें. स्कॉटलंडांत बर्फाबद्दलचा तांबडा इशारा प्रथमच द्यावा लागला, आणि १ मार्च रोजीं गॅस पुरणार नाहीं अशी सूचना काढण्याची पाळी तेथील गॅसवाहिनीच्या चालकांवर आली. बरोबर एक वर्षानें, २६ फेब्रुवारी २०१९ रोजीं, लंडनच्या क्यू बागेंत पारा २१.२ अंशांवर चढला. हिवाळ्याच्या महिन्यांत त्या देशानें इतकी ऊब कधीं नोंदलेली नव्हती. लोक उन्हाळी कपडे घालून बागांत व समुद्रकिनारीं बसले; त्याच दिवशीं सॅडलवर्थच्या माळावर वणवा पेटला. एकाच तारखेस एका वर्षीं फावडें व दुसऱ्या वर्षीं पंखा, असा प्रकार झाला. यांतील थंडीच्या लाटा ध्रुवप्रदेश तापल्यामुळेंच खालीं घसरतात काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि वाद चालूं असतां एका बाजूनें निकाल सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाहीं. ऊब वाढत चालली आहे याविषयीं मात्र वाद उरलेला नाहीं. जपानांत क्योटो शहरीं चेरीचा बहार केव्हां पूर्ण फुलला याच्या तारखा दरबारच्या व मठांच्या रोजनिशांतून नवव्या शतकापासून मिळतात. यासुयुकी आओनो या अध्यापकांनीं त्या एकत्र केल्या. २०२१ सालीं तो बहार २६ मार्च रोजीं पूर्ण फुलला. मागील बाराशें वर्षांत इतक्या लवकर तो कधींच आला नव्हता. त्यापूर्वींची सर्वांत आधींची तारीख १४०९ सालची, २७ मार्च. ज्या लेखकांनीं फुलें पाहून त्या दिवशींच्या मेजवानीचा वृत्तांत लिहिला, त्यांस आपण साक्षीपुरावा तयार करीत आहों याची कल्पनाही नसेल.

लवकर आलेली ऊब हें वरदान वाटतें, पण तें फसवें असतें. त्याच २०२१ सालीं मार्चअखेरच्या उन्हानें फ्रान्समधील द्राक्षवेलींनीं डोळे उघडले, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत कडक दहिंवर पडून ते करपले. शेतकऱ्यांनीं मळ्यांतून रात्रभर हजारों मेणबत्त्या पेटविल्या. निफाड-पिंपळगांवचा द्राक्षबागाइतदार कडाक्याच्या पहाटे बागेंत शेकोट्या करतो व वेलींस पाणी सोडतो, त्याला या चित्राचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. २०२२ सालचा मार्च हा दिवसाच्या सरासरी कमाल उष्णतेच्या मानानें हिंदुस्थानांत नोंदी सुरू झाल्या त्या १९०१ सालापासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला, आणि त्या महिन्यांत पाऊसही सरासरीहून ७१ टक्के कमी पडला. पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेश येथें गव्हाचा दाणा त्या वेळीं चिकांत असतो. या अवस्थेंत त्यास थंड रात्री व कोमट दिवस लागतात. तिशीच्या वर पारा टिकून राहिला कीं झाड घाईनें पिकतें आणि दाणा भरण्याच्या आधींच सुकतो. ओंबी दुरून ठीक दिसते, मळणीनंतर हातांत घेतल्यावर दाणा सुरकुतलेला निघतो. वजन कमी, पीठ कमी, भाव कमी. सरकारी खरेदींत सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्के असे. ती त्या मे महिन्यांत १८ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली, यावरूनच पिकाची दशा दिसते. उत्पन्नाचा सरकारी अंदाज प्रथम १,११३ लाख टनांचा होता, तो मे महिन्यांत सुमारें १,०५० लाखांपर्यंत खालीं आणण्यांत आला. सरकारी कोठारांत आदल्या वर्षीं ४३३ लाख टन गहूं आला होता, तो या वर्षीं १८८ लाखच आला. यांत पीक घटल्याचा भाग आहे तसा युक्रेनमधील युद्धानें बाहेर भाव चढल्याचाही आहे. एप्रिलमध्यें पंतप्रधानांनीं जागतिक व्यापार संघटनेची परवानगी मिळाल्यास जगास धान्य पुरविण्याची तयारी बोलून दाखविली होती. १३ मे रोजीं निर्यात बंद झाली. ज्यांच्यापाशीं त्या तारखेपर्यंतचें बदलतां न येणारें पतपत्र होतें त्यांचा माल गेला. ज्यांचा सौदा तोंडीं होता किंवा पतपत्र वाटेंत होतें, त्यांचा माल बंदरावर अडला. शेतकऱ्यांच्या संघटनांनीं क्विंटलमागें ५०० रुपये जादा मागितले. पंजाब प्रांत २०१६ च्या पीकविमा योजनेंत सामीलच झालेला नव्हता, तेव्हां तेथें विमा कोणाजवळ मागावयाचा हा प्रश्नच नव्हता. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें हिशेब करून असें सांगितलें कीं, पृथ्वी तापली नसती तर त्या मार्च-एप्रिलांतील उष्णतेचा संभव सुमारें तीसपट कमी असता. पुढें २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या कमाल उष्णतेंत १९०१ पासूनचा पहिला ठरला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीनें एकंदर सरासरींत तोच मान मिळविला. अपवाद एकदां होतो. तीन-चार वर्षांत तीनदां होतो त्यास दुसरें नांव शोधलें पाहिजे.

तें नांव कायद्यांत आहे काय? २००५ सालच्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यांतील आपत्तीची व्याख्या उदार आहे. निसर्गानें किंवा मनुष्यानें आणलेली, आणि समाजाच्या सोसण्याच्या शक्तीबाहेरची कोणतीही गंभीर घटना तींत बसते. मग अडतें कोठें? तर पैशाच्या नियमांत. आपत्तीच्या निधींतून खर्च करण्यास जी यादी ठरलेली आहे तींत वादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, टोळधाड वगैरे होतीं. २०१२ सालीं दहिंवर व थंडीची लाट यांची भर पडली. उष्णतेची पडली नाहीं. २०२१ ते २०२६ या पांच वर्षांकरितां शिफारशी करणाऱ्या १५ व्या वित्त आयोगापुढें यादी वाढविण्याची मागणी गेली असतां, आहे ती यादी प्रांतांच्या गरजा बऱ्याच अंशीं भागविते, असें म्हणून आयोगानें ती विनंती बाजूस सारली. प्रांतास वाटल्यास आपल्या निधीचा दहावा हिस्सा स्थानिक आपत्तीवर खर्चावा, एवढी पळवाट ठेवली. तेव्हां २०२२ चा पंजाबांतील शेतकरी थंडीनें बुडाला असता तर आपद्ग्रस्त ठरला असता. तो उन्हानें बुडाला हा त्याचा दोष!

यादींत उष्णतेचें नांव घालण्याचा प्रश्न सुटावाच. पण तेवढ्यानें भागेल असें समजणाऱ्यांनीं हवामान खात्याची व्याख्या वाचावी. मैदानी मुलुखांत पारा निदान ४० अंशांवर, किनाऱ्यावर ३७ वर व डोंगराळ भागांत ३० वर गेल्याखेरीज, आणि शिवाय सरासरीहून साडेचार अंश अधिक असल्याखेरीज, सामान्यतः उष्णतेची लाट मानीत नाहींत. ही व्याख्या माणसाच्या देहाकडे पाहून केलेली आहे व त्या कामीं ती योग्यच आहे. परंतु फाल्गुनांत लुधियान्याकडे पारा ३४ अंशांवर, म्हणजे सरासरीहून सात-आठ अंश वर, गेला तर माणूस फार तर सदरा काढून बसेल. गहूं मात्र मेला. व्याख्येच्या दृष्टीनें त्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं! पिकाकरितां वेगळी व्याख्या हवी, आणि ती महिन्यागणिक व पिकागणिक हवी. हें अशक्य आहे असें कोणी म्हणेल तर आमच्याच प्रांताचा दाखला आहे: २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें सततच्या पावसास आपत्ति मानलें आणि किती दिवस किती पाऊस पडल्यास तो सततचा समजावा याचे निकष ठरविले. जें श्रावणाच्या पावसास जमलें तें फाल्गुनाच्या उन्हास जमण्यास काय हरकत आहे?

महाराष्ट्राचा अनुभव तर दुहेरी आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, खानदेश व देश या भागांत गारांनीं जो कहर केला तो आमच्या शेतकरी वाचकांच्या अंगावर अजून शहारे आणीत असेल. कापणीस आलेली ज्वारी व गहूं झोपले, हरभऱ्याचे घाटे गळाले, द्राक्षांचे घड सडले, डाळिंबें फुटलीं, जनावरें मेलीं. गारपीट यादींत होती, तरीही मदत सुखासुखीं निघाली नाहीं. कारण ५ मार्चला लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि मंत्रिमंडळास प्रत्येक रकमेसाठीं निवडणूक आयोगाच्या परवानगीची वाट पाहावी लागली. गारांस आचारसंहिता लागूं नव्हती. निवडणुका वसंतांत येतात व गाराही वसंतांतच येतात, हें माहीत असतां ठरलेल्या दराची मदत आपोआप सुटेल असा नियम आधीं करून ठेवणें फारसें कठीण नव्हतें.

कोंकणांतला हापूस तर थंडीनेंही मरतो आणि उन्हानेंही. फळ सुपारीएवढें झाल्यावर थंडी पुन्हां वाढली कीं झाडास दुसरा मोहोर येतो, आणि झाडाचा रस नव्या मोहोराकडे वळून आधींचें फळ गळतें. ऊन अकालीं तापलें तर कैरी करपते व गळते. यावर हवामानावर आधारलेला फळपीक विमा काढण्याची सोय आहे. त्यांत ठराविक तारखांच्या आंत पाऱ्यानें ठराविक अंश ओलांडले तर भरपाई मिळते. तारखांच्या बाहेर आलेली उष्णता विमा कंपनीच्या लेखीं आलीच नाहीं. आणि पारा पाहावयाचा कोणता? बागेंतला नव्हे, महसूल मंडळांतल्या यंत्राचा. प्रांतांत अशीं दोन हजारांहून अधिक यंत्रें आहेत हें चांगलेंच आहे. पण यंत्र खाडीकांठीं आणि बाग डोंगराच्या आड कातळावर, असें असेल तर दोन्ही जागीं एकच हवा असते असें कोंकणांत राहिलेला कोणी म्हणणार नाहीं. दुसऱ्या, पिकांच्या विम्यांत, गारा पडल्याची वर्दी ७२ तासांत द्यावी लागते. ज्या गांवीं गारांबरोबर वीज व दूरध्वनीही गेले तेथल्या शेतकऱ्यानें हे बहात्तर तास कोठून मोजावे, हें नियम करणाऱ्यांनीं लिहिलेलें नाहीं.

यावर आमचे कांहीं मित्र म्हणतात, हा धूर आम्हीं केला नाहीं. ज्यांनीं केला त्यांनीं भरावें. म्हणणें न्यायाचें आहे. इंग्लंडांतील गिरण्या शंभर वर्षें कोळशाचा धूर ओकीत होत्या तेव्हां त्यांच्याच कापडानें आमच्या विणकरांचे माग बंद पाडले, आणि आजही माणशीं हिशेब केला तर आमचा धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ही थकबाकी आम्हीं प्रत्येक आंतरराष्ट्रीय परिषदेंत हक्कानें मागितली पाहिजे. परंतु सावकाराचा दावा कोर्टांत पडून आहे म्हणून कोणी घराचें गळकें छप्पर तसेंच ठेवीत नाहीं. शिवाय लुधियान्याच्या गव्हाची व्याख्या करणें, रत्नागिरीच्या विम्याच्या तारखा बदलणें, हीं कामें लंडन वा वॉशिंग्टनच्या हातचीं नाहींत. तीं दिल्लीच्या व मुंबईच्या हातचीं आहेत, आणि तेथें आतां आमचेंच राज्य आहे.

व्यापारी वर्गासही आमची एक विनंती आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली आणि हवामान खात्याचें कार्य १८७५ पासून चालूं आहे. पारा किती चढला हें तेथें मिळेल. पण पहिला नवा गहूं कोणत्या दिवशीं पेठेंत आला, देवगडची पहिली पेटी केव्हां उतरली, दाणा कसा होता, गरम कापडाची विक्री कोणत्या आठवड्यांत थांबली, हें फक्त तुमच्या रोजमेळांत आहे. जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर दोन-दोन पिढ्यांच्या वह्या वाळवीस अर्पण होत आहेत. बाजार समित्यांनीं व व्यापारी मंडळांनीं त्यांतील तारखा उतरून घेतल्या, तर विम्याच्या तारखा कोठें चुकल्या हें सरकारास दाखविण्यास क्योटोच्या दरबाराइतकाच भक्कम पुरावा आमच्याजवळ होईल, आणि तो आमच्याच लिपींत असेल.

तोंपर्यंत विधिमंडळाच्या येत्या बैठकींत कोंकणच्या एखाद्या सभासदानें एवढें तरी विचारावें: फळपीक विम्यांतील उष्णतेच्या तारखा कोणत्या सालच्या हवेवरून ठरविल्या, त्या शेवटच्या केव्हां तपासल्या, आणि मंडळांतील यंत्र बंद पडलें असेल त्या दिवसाचा पारा कोणाच्या सांगण्यावरून लिहितात?